हवा जास्त, श्वास अपुरा

वार्षिक हिशेब बंद करण्याच्या शेवटच्या आठवड्यात, रात्री साडेनऊच्या सुमारास, बेरजेच्या तळाशी आकडा लिहिता लिहिता माझा उजवा हात वाकडा झाला. मनगट आतल्या बाजूला दुमडले, चारही बोटे ताठ होऊन एकमेकांना चिकटली, अंगठा तळहातात शिरला आणि पेन टेबलावरून घरंगळत खाली गेले. डाव्या हाताने मी ती बोटे उलगडू पाहिली, तर ती लाकडाची असावीत तशी हलेनात; आणि दोन-तीन मिनिटांत डावा हातही त्याच आकारात मिटू लागला. ओठांभोवती मुंग्या येत होत्या, दिव्याचा प्रकाश एकाएकी फार पांढरा आणि लांबचा वाटू लागला होता, छातीत डावीकडे टोचत होते, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे कितीही हवा आत ओढली तरी श्वास काही पुरा होत नव्हता. डोक्यात दोनच शब्द घुमत होते: अर्धांगवायू आणि हृदयविकार.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी वयाने माझ्याहून बराच लहान आहे, मला ताई म्हणतो. 'ताई, मोठा श्वास घ्या, अजून मोठा,' असे तो कळकळीने सांगत होता आणि मी त्याचे तंतोतंत ऐकत होते. त्या घडीला मला देता येण्यासारखा याहून वाईट सल्ला नव्हता, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. मी जितका मोठा श्वास घेई तितकी बोटे अधिक आवळली जात, आणि बोटे आवळली की घाबरून मी आणखी मोठा श्वास घेई.

रुग्णालयाच्या तातडीच्या कक्षात बोटे जेमतेम मोकळी करून ऑक्सिमीटरचा चिमटा लावण्यात आला आणि पडद्यावर ९९ हा आकडा उमटला. हवा मिळत नाही म्हणून मी गयावया करत होते, आणि यंत्र सांगत होते की रक्तातला ऑक्सिजन काठोकाठ आहे. यंत्र बिघडले आहे याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. नाडी १२८ होती. ईसीजी काढला गेला, रक्तातली साखर पाहिली गेली, आणि मनगटाच्या रोहिणीतून रक्त घेतले गेले. नेहमीचे रक्त शिरेतून घेतात. रोहिणीतून घेताना सुई खोल जाते आणि ते चांगलेच दुखते. तासाभरात हात आपोआप उलगडले होते. अहवाल आल्यावर पाळीवरचे तरुण डॉक्टर म्हणाले, 'तुम्हाला काहीही झालेले नाही. टेन्शन घेऊ नका.'

त्या वाक्याचा राग मला आजही येतो. डॉक्टरांनी तपासण्या सगळ्या योग्य केल्या होत्या, हे मान्य करायलाच हवे. फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी, दमा, हृदयविकाराचा झटका, मधुमेहात रक्त आम्लधर्मी झाल्यामुळे लागणारी धाप, अशा कितीतरी गोष्टी बाहेरून अशाच दिसू शकतात, आणि पहिल्याच वेळी 'ही नुसती भीती आहे' असे घरबसल्या ठरवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. पण माझे आयुष्य आकडे तपासण्यात गेलेले आहे, आणि ज्या कागदाकडे पाहून 'काहीही झालेले नाही' असे म्हटले गेले, त्या कागदावरचे चारही मुख्य आकडे मर्यादेबाहेर होते. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचा मापांक (तो जितका जास्त तितकी आम्लता कमी), ७.३५ ते ७.४५ या दरम्यान असायला हवा, तो ७.५८ होता. कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४५ मिलिमीटर पारा असायला हवा, तो २२ होता. रक्तातली आम्लता तोलून धरणारे बायकार्बोनेट २० म्हणजे किंचित कमी, आणि ज्याच्यासाठी मी तडफडत होते तो ऑक्सिजन ११२, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त. अशा ताळेबंदावर मी कधीच सही केली नसती.

आठवड्याभराने हा कागद घेऊन मी दुसऱ्या, वयाने ज्येष्ठ असलेल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तो बराच वेळ वाचला आणि म्हणाले, 'झाले आहे, पुष्कळ झाले आहे. फक्त तुम्हाला वाटते ते झालेले नाही.' पुढचा अर्धा तास त्यांनी जे समजावून सांगितले, आणि नंतर मी स्वतः वाचून जे पडताळून पाहिले, ते असे.

शरीराला ऑक्सिजन कमी पडला की श्वास घ्यावासा वाटतो, अशी माझी समजूत होती. निरोगी माणसाच्या श्वासाचा लगाम मात्र मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या हाती असतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेजवळच्या पेशी त्याच्या प्रमाणावर सतत नजर ठेवतात. ते थोडे वाढले की श्वास वाढतो, घटले की मंदावतो. हाल्डेन आणि प्रिस्टली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९०५ मध्येच हे दाखवून दिले होते. बसलेला माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो, दर खेपेला सुमारे अर्धा लिटर हवा आत-बाहेर होते, आणि शरीरात तयार होणारा कार्बन डायऑक्साइड तेवढ्यावर बरोबर बाहेर पडतो. धावणारा माणूस याच्या कितीतरी पट हवा घेतो तरी त्याला काही होत नाही, कारण त्याचे स्नायू त्याच हिशेबाने कार्बन डायऑक्साइड तयार करत असतात. मी मात्र खुर्चीत बसून धावणाऱ्याची धाप टाकत होते. आवक तेवढीच आणि खर्च कैक पटींनी वाढलेला, अशी ती स्थिती होती. मग शिल्लक २२ वर आली यात नवल नव्हते. यालाच हायपरव्हेंटिलेशन म्हणतात.

कार्बन डायऑक्साइड म्हणजे टाकाऊ वायू, तो जितका जाईल तितका बरा, असे शाळेपासून मनात बसलेले असते. खरे पाहता तो रक्तात विरघळून सौम्य आम्ल तयार करतो आणि रक्ताचा पीएच ठरवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. तो उडून गेला की रक्त आम्लारिधर्मी होते, आणि तिथून सगळी मालिका सुरू होते. मेंदूच्या रक्तवाहिन्या त्याच्या प्रमाणाला फार संवेदनशील असतात. त्याचा दाब एका मिलिमीटरने उतरला की मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह साधारण २ ते ४ टक्क्यांनी घटतो. माझा दाब ४० वरून २२ वर उतरला असे धरले आणि कमीत कमी दराने गुणाकार केला, तरी एक तृतीयांशाहून अधिक घट निघते. शरीर इतका सरळ गुणाकार करत नसेल. तरी दिवा लांब का गेला, माणसे काचेपलीकडून बोलल्यासारखी का वाटली आणि डोके हलके होऊन का गरगरले, एवढे समजायला तो पुरेसा आहे. त्यातच आणखी एक गंमत आहे, गंमत म्हणायची ती आता. डेन्मार्कचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्रिस्टियन बोर यांनी सहकाऱ्यांसह १९०४ मध्ये दाखवून दिले की कार्बन डायऑक्साइड कमी असला की हिमोग्लोबिन ऑक्सिजनला अधिक घट्ट धरून ठेवते आणि पेशींना तो सहज सोडत नाही. म्हणजे ऑक्सिमीटरवर ९९ खरे आणि माझी तगमगही अगदीच खोटी नव्हती.

हाताचे कोडे मला सर्वांत जास्त छळत होते, कारण मनाच्या भीतीने बोटे वाकडी होतात हे कोणी सांगून पटण्यासारखे नव्हते. त्याचे उत्तर कॅल्शियममध्ये निघाले. रक्तातल्या कॅल्शियमपैकी सुमारे निम्मे मोकळ्या, विद्युतभारित कणांच्या रूपात फिरत असते आणि उरलेल्यापैकी बहुतेक अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेले असते. रक्त आम्लारिधर्मी झाले की अल्ब्युमिनवरच्या काही जागा रिकाम्या होतात आणि मोकळे कॅल्शियम तिथे जाऊन बसते. खात्यातली शिल्लक तीच, पण हाती खेळणारा पैसा आटला, असा हा प्रकार आहे. मज्जातंतूंना शांत ठेवायला हेच मोकळे कॅल्शियम लागते. ते घटले की तंतू विनाकारण संदेश सोडू लागतात. आधी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, मग स्नायू आवळले जातात. माझ्या हाताने जो आकार घेतला होता, त्याचे वर्णन आर्मां त्रूसो या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकात करून ठेवले आहे, आणि प्रसूती करणाऱ्या वैद्याच्या हातासारखा म्हणून तो तेव्हापासून वैद्यकात ओळखला जातो. ज्या खुणेला दीडशे वर्षांपासून नाव आहे, ती 'काहीही झालेले नाही' या सदरात कशी बसते, हे मला अजून कळलेले नाही.

छातीतल्या टोचण्याचे कारण त्या मानाने साधे होते. नीट चाललेला श्वास श्वासपटल ओढते. पोट हलते, छाती फारशी हलत नाही. घाबरलेला माणूस छातीच्या वरच्या भागाने, मान आणि फासळ्यांमधल्या स्नायूंच्या बळावर श्वास घेतो, आणि त्या स्नायूंना तासन्‌तास राबायची सवय नसते. शिवाय आत घेतलेली हवा पुरती सोडण्याआधीच पुढचा श्वास घेतला जात असल्यामुळे छाती फुगलेलीच राहते. वाचकाने करून पाहावे: छाती शिगोशीग भरावी आणि सोडण्याऐवजी आणखी हवा घेऊ पाहावी. जागाच नसते. श्वास अपुरा वाटतो तो तिथे, आणि माणूस समजतो की हवाच कमी आहे.

हे सारे श्वासाचे झाले. मुळात धाप लागली कशाने, हा प्रश्न उरतो. डॉक्टरांनी मागील दोन महिन्यांविषयी विचारले तेव्हा माझ्या ध्यानात आले की मी दिवसभर उसासे टाकत होते, झोप आलेली नसताना जांभया देत होते आणि पुष्कळ हवा गिळल्यामुळे ढेकरांनी हैराण होते. हिशेबातली एक मोठी तफावत सापडत नव्हती आणि जबाबदारी माझी होती. आठवडेच्या आठवडे असा जास्तीचा श्वास चालू राहिला की मूत्रपिंडे बायकार्बोनेट बाहेर टाकून रक्ताचा तोल सावरून घेतात, आणि मग काठावर आलेल्या त्या शरीराला पलीकडे ढकलायला दोन-चार मोठे उसासेही पुरतात. त्या रात्री मला तफावत सापडली होती. ती माझ्याच जुन्या नोंदीतून आलेली होती. काळजात धस्स झाले, एवढेच निमित्त झाले.

धस्स होणे म्हणजे काय हेही मी नंतर नीट समजून घेतले. धोक्याची चाहूल लागताच अनुकंपी चेतासंस्था जागी होते, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात, आणि लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी शरीर सज्ज होते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१५ मध्ये याची मांडणी केली होती. हृदय वेगाने धावते, त्वचेचे आणि पचनसंस्थेचे रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते, लाळ आटते, घाम सुटतो, बाहुल्या विस्फारतात आणि श्वास वाढतो. मराठीने ही यादी फार आधीच करून ठेवली आहे असे मला वाटते: घशाला कोरड पडणे, हातपाय गार पडणे, पोटात गोळा येणे, अंगावर काटा येणे, पाय लटपटणे, दरदरून घाम फुटणे. यातला एकही वाक्प्रचार अतिशयोक्तीचा नाही, प्रत्येकामागे एकेक तंतू आणि एकेक रक्तवाहिनी आहे. पळायचे असते तर ही सज्जता कामी आली असती. मला खुर्चीत बसून एक आकडा खोडायचा होता.

या आजाराला आपण पहिले नाही, याचा मला विलक्षण धीर आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांची धडधड, धाप आणि छातीतले दुखणे यांविषयी जेकब डा कोस्टा या डॉक्टरांनी १८७१ मध्ये लिहिले होते. हृदयात बिघाड सापडत नव्हता, पण सैनिक खोटे बोलत नाहीत असे त्यांना दिसत होते. एवढे सौजन्य मला त्या रात्री मिळाले असते तर पुढचे तीन आठवडे बरे गेले असते. त्या तीन आठवड्यांत आणखी चार झटके आले, आणि त्यांतले दोन तर केवळ 'आता येईल' या धास्तीने आले. जिन्याने चढताना छाती धडधडली की मी कठड्याला धरून उभी राहत असे. मध्यंतरी कोणीतरी कागदी पिशवीत श्वास घ्यायला सुचवले. डॉक्टरांनी त्याला साफ मनाई केली, कारण सोडलेलीच हवा परत घेतल्याने ऑक्सिजन घटतो, आणि धाप हृदयविकाराची किंवा फुप्फुसातल्या गुठळीची निघाली तर तो उपाय जिवावर बेततो.

डॉक्टरांनी मला ज्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे पाठवले, त्यांनी दुसऱ्याच भेटीत मला चकित केले. हृदय, दमा, आकडी यांपैकी काही नाही याची अहवालांवरून खात्री करून घेतल्यावर त्या म्हणाल्या, 'आज आपण तो झटका इथे मुद्दाम आणू या.' मी उठून जाण्याच्या बेतात होते. त्यांनी घड्याळ टेबलावर ठेवले आणि मी खुर्चीत बसून तोंडाने भरभर, खोल श्वास घेऊ लागले. पंधरा-वीस सेकंदांत तोंड सुकले. अर्ध्या मिनिटाच्या सुमारास खिडकीची चौकट लांब सरकली. पन्नास सेकंदांना बोटांच्या टोकांशी तीच ओळखीची झिणझिण सुरू झाली, आणि वरच्या ओठाला कोणी बारीक सुया टोचत असल्यासारखे वाटू लागले. साठाव्या सेकंदाला त्यांनी थांबवले. 'आता काहीच करू नका. फक्त काय काय ओसरते ते सांगत जा.' खिडकी आधी जवळ आली, मग ओठ शांत झाले, सगळ्यांत शेवटी डाव्या करंगळीची झिणझिण गेली. तीन मिनिटेही लागली नाहीत.

त्या खोलीत तफावत नव्हती, चूक नव्हती, भीतीचे कोणतेही कारण नव्हते. तरीही लक्षणे जशीच्या तशी आली होती. कोणता मोठा रोग एका मिनिटाच्या फुंकण्याने मागवता येतो आणि तीन मिनिटांत परत पाठवता येतो, असे त्यांनी विचारले. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये अशा झटक्यांचे जे स्पष्टीकरण मांडले, त्याचा गाभा त्यांनी मग थोडक्यात सांगितला: शरीरातल्या निरुपद्रवी संवेदनेचा अर्थ मन अनर्थ म्हणून लावते, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने संवेदना वाढते, आणि चक्र फिरत राहते. मी पाच वेळा मरणाची तयारी केली होती ती मुंग्यांवरून, हे ऐकायला अपमानास्पद वाटले. पण घरी जाताना जिन्यावर मी कठडा धरला नाही.

श्वासाचा सराव मला कंटाळवाणा वाटला, आणि अजूनही वाटतो. एक हात पोटावर आणि एक छातीवर ठेवायचा, पोटावरचाच हात हलू द्यायचा. चार मोजत नाकाने लहानसा श्वास घ्यायचा आणि सहा मोजत सोडायचा. मिनिटाला सहा श्वास होतात. श्वास सोडताना शरीराला शांत करणाऱ्या परानुकंपी चेतासंस्थेचा प्रभाव वाढून हृदयाची गती किंचित उतरते, म्हणून सोडणे लांबवायचे. पहिले दहा-बारा दिवस मला यातच गुदमरल्यासारखे होत असे, कारण कमी झालेल्या कार्बन डायऑक्साइडची सवय झालेल्या शरीराला योग्य प्रमाणही जास्त वाटत होते. ही गोष्ट आधी सांगितली नसती तर मी सराव तिसऱ्याच दिवशी सोडला असता. उसासा आला तर तो गिळून टाकायचा, जांभईला तोंड मिटून वाट द्यायची, हे त्याहून अवघड गेले. सहकाऱ्यालाही मी शिकवून ठेवले आहे. आता तो 'ताई, मोठा श्वास घ्या' म्हणत नाही, 'ताई, हळू सोडा' म्हणतो.

साडेतीन महिन्यांनी संचालकांच्या बैठकीत त्याच तफावतीचा खुलासा करायचा होता. माझी पाळी येण्याआधी वरच्या ओठाला सुया टोचू लागल्या. मी समोरच्या कागदाच्या कोपऱ्यात वेळ लिहिली, ११.१०, आणि हात मांडीवर ठेवले. उजवा अंगठा तळहाताकडे ओढला जाऊ लागला तेव्हा मी त्याला ओढला जाऊ दिले आणि मनात कॅल्शियम म्हटले. ॲड्रेनलिन रक्तात फार वेळ टिकत नाही, नवीन सुटले नाही तर काही मिनिटांत ते मोडीत निघते, हे ठाऊक होते; मी फक्त त्याला नवीन कारण देत नव्हते. धडधड चालू होती, तळहात गार होते, आणि कोणाला काही दिसत नव्हते. अध्यक्षांनी माझे नाव घेतले तेव्हा अंगठा अजून पुरता सुटलेला नव्हता, म्हणून पहिली दोन पाने मी डाव्या हाताने उलटली. बोलणे संपवून बसल्यावर मी दुसरी वेळ लिहिली, ११.२२. त्या दोन वेळांच्या मधोमध, बोलताना कधीतरी, तो सुटला होता. नक्की केव्हा, याची नोंद माझ्याकडे नाही.